बांबूतला ध्रुव

सकाळचे दहा वाजलेले, मे महिन्याचं कडक ऊन, आणि तोंडवली गावातली शे-सव्वाशे माणसं एका बांबूतून ध्रुवतारा बघायला रांगेत उभी होती. रांगेत कुणालाच त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं, म्हणून मीही हसलो नाही.

मांडव झापांचा, म्हणजे माडाच्या विणलेल्या पातींचा होता. छपराला भोक, भोकातून खाली आलेला हातभर लांबीचा जाडजूड पोकळ बांबू, बांबूखाली पाट आणि उशी. भक्ताने पाटावर बसायचं, उशीवर मान टाकायची आणि एक डोळा बांबूला लावायचा. तीन-चार श्वास झाले की उठायचं. बहुतेक जण उठताना ओरडत.

"दिसलो! दिसलो गो बाय! मिठाच्या खड्यासारखो दिसलो!"

शेजारी ध्रुवबाबा बसलेले. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस. भगवी लुंगी, कपाळभर भस्म आणि आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाने वळून बघावं.

"बाळांनो! उत्तानपाद राजाचं ते पाच वर्षांचं पोर, अढळपदी बसलेलं! कुणासाठी हललं नाही! पण या दासाने हाक मारली आणि ध्रुवबाळ आसन सोडून भर दिवसा तोंडवलीच्या माथ्यावर आलं! ज्याचं मन निर्मळ, त्याला दिसेल. ज्याच्या मनात काळं, त्याला नुसतं आभाळ दिसेल. नारळ उजव्या बाजूला ठेवा."

ज्याची सगळी ख्याती जागेवरून न हलण्याबद्दल आहे, तो बाबांसाठी रोज हलत होता. दर्शनाचा मुहूर्त जेमतेम अर्धा तास असे. मग बाबा बांबूच्या तोंडावर भगवं फडकं टाकत आणि ध्रुवबाळ परत आपल्या आसनावर जाई. ज्या दिवशी आभाळात ढग असत, त्या दिवशी बाबांचं मौन असे.

माझं नाव हरिश्चंद्र. मी वेंगुर्ल्याचा. ही गोष्ट एकसष्ट सालची. हैदराबादला काकांकडे राहून मी बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पुरं केलं होतं आणि माझा मुख्य विषय होता खगोलशास्त्र. या विषयाचा आमच्याकडे एकच अर्थ लावला जाई. मोटारीतून उतरल्यापासून तोंडवलीत पोचेपर्यंत तिघांनी मला तळहात दाखवला आणि एका बाईने मुलाच्या लग्नाचा योग विचारला. मी सांगितलं, मी ग्रहांची गती शिकतो, ग्रहांची मर्जी नाही.

"मगे तितक्या लांब जावन शिकलंस काय?" बाई म्हणाली.

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. वर्षभर मी गोलावरचे त्रिकोण सोडवले होते. कुठल्याही ताऱ्याची उंची मी कागदावर पाच दशांश स्थळांपर्यंत काढून देत असे. प्रत्यक्ष आकाश आम्हाला चार वेळा दाखवण्यात आलं, त्यातल्या दोन वेळा ढग होते. तिसऱ्या वेळी साऱ्या वर्गाला कृत्तिकेत सहा चांदण्या दिसल्या आणि मला एक ढेकूळ दिसलं. सरांनी दुसऱ्याच दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. तेव्हापासून माझ्या नाकावर चष्मा आहे.

तोंडवलीत माझी थोरली बहीण सत्यवती दिली होती. तिला मी ताय म्हणतो. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा बाबली मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर खलाशी आणि त्याचं अडीच महिन्यांत पत्र नव्हतं. घरी सासरे गंगाराम तांडेल, ज्यांच्या हाताखाली गावची रापण, म्हणजे मोठ्या जाळ्याची मासेमारी, चाले, आणि सासू जानकी. तायसारखंच मीही त्यांना मामा-मामी म्हणत असे.

मी कुंपणाच्या बेड्यातून आत शिरलो तेव्हा ताय खळ्यात, दारापुढच्या अंगणात, बसून सुई-दोरा नाकाशी धरून पोलकं शिवत होती. "कोण ता?" तिने विचारलं. पाच हातांवर येईपर्यंत ती तेच विचारत राहिली. मला वाटलं, चष्म्यामुळे मी ओळखू येत नसेन. वर्षभर खगोलशास्त्र शिकलेल्या माणसाचं निरीक्षण हे असं होतं.

चहा होईपर्यंत सगळं कळलं. बाबा गावात येऊन आठ दिवस झाले होते. ज्या घरातल्या सगळ्या बायकांना ध्रुव दिसला, त्या घरचा दर्यावरचा माणूस सुखरूप, असं त्यांचं वचन होतं. मामींना पहिल्याच दिवशी दिसला. तायने तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा तिला नुसतं निळं आभाळ दिसलं. तिने तिन्ही वेळा तसं सांगितलंही. आता पाणवठ्यावर बायका तिच्या कळशीपासून आपली कळशी दूर ठेवू लागल्या होत्या.

"दिसलो म्हणान सांगूचां होतां तुया," मी म्हटलं.

"दिसाक नाय तर दिसलो कसां सांगू रे? देवाच्या कामात खोटां?"

"अगो, तो बाबाच खोटो!"

"बाबा खोटे नाय हऱ्या. माझ्यातच कायतरी आसा." ती खाली मान घालून बोलली. "तेंका काय झालां तर माझ्यामुळे होतलां."

मला इतका राग आला की त्यानंतर मी जे केलं ते विचार करून केलं, असं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी मांडवात उभा राहून भाषण केलं. चांगल्या छापील मराठीत. ध्रुव उत्तरेला असतो. तोंडवलीहून तो क्षितिजावर जेमतेम एक वीत दिसतो, तो डोक्यावर येऊच शकत नाही. शिवाय दिवसा आकाशात तारा दिसणं अशक्य आहे. तेव्हा बांबूत काहीही नाही, आणि ज्यांना दिसतं ते सगळे खोटं बोलतात.

शे-सव्वाशे माणसांना एका दमात खोटं ठरवणं ही प्रबोधनाची चांगली सुरुवात नव्हे, हे मला आज कळतं. बाबा मात्र रागावले नाहीत. ते प्रसन्न हसले.

"या विद्वान बाळाला आधी पाट द्या."

मी बसलो, मान टाकली, डोळा लावला. आत निळं वर्तुळ होतं. मी विजयाने तोंड उघडणार, तेवढ्यात त्या निळ्यात, मधोमध, एक बारीक, पांढरा, टोकदार ठिपका दिसला. तो लुकलुकत नव्हता, नुसता होता. स्वच्छ, स्थिर.

"दिसलो!" मी ओरडलो. ते माझ्या तोंडून कसं निघालं, ते मला आजही सांगता येत नाही.

"आणि नारळ?" बाबांनी विचारलं.

सगळा मांडव हसला. मग बाबांनी आवाज खाली आणला. "पाहिलंत बाळांनो? नास्तिकालाही ध्रुवबाळाने दर्शन दिलं. मग ज्या सुनेला तीन वेळा दिलं नाही, तिच्या मनात किती काळं असेल? सोमवारी समाप्ती आहे. शेवटची संधी."

मामी पहिल्याच ओळीत बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी आधी खळ्यात पाय धुतले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हरी, सोमवारी हिका परत बसवतलंय. दिसलो तर बरां. नाय दिसलो तर तुझ्या भयणीक वांगडा घेवन वेंगुर्ल्याक जा. माझो एकुलतो झील दर्यार आसा. माका जोखीम नको."

"मगे परत कधी धाडू?"

"परत नको."

मी तायची बाजू घ्यायला गेलो होतो आणि तिच्या विरुद्धचा सगळ्यात भक्कम साक्षीदार होऊन आलो होतो. तायने दोन लुगडी धुऊन वाळत घातली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. मी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. ध्रुवही नव्हता. मग काय होतं? आणि एकदम मला माझीच उत्तरपत्रिका आठवली. 'शुक्र अत्यंत तेजस्वी असतो त्या दिवसांत भर दिवसाही नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो.' हे वाक्य सरांनी सांगितलं होतं, मी वहीत उतरवलं होतं, परीक्षेत लिहून दोन गुण मिळवले होते. फक्त मान वर करून पाहिलं नव्हतं. ते काम एका भोंदूने माझ्याआधी केलं होतं.

खात्री करायला माझ्याजवळ मनगटी घड्याळ होतं. शुक्रवारी बाबांनी फडकं काढलं ते नऊ वाजून एकावन्न मिनिटांनी. शनिवारी मी लांब उभा राहून पुन्हा पाहिलं, नऊ एकोणपन्नास. मुहूर्त दोन मिनिटं अलीकडे सरकला होता. नेहमीचा तारा रोज चार मिनिटं अलीकडे येतो. दोनच मिनिटं आला, म्हणजे हा ताऱ्यांमधून स्वतःच्या पायांनी चालणारा कुणीतरी, म्हणजे ग्रह. एका दिवसाच्या मोजणीवर सरांनी मला इतका मोठा निष्कर्ष काढू दिला नसता, पण माझ्याजवळ सोमवारपर्यंतच वेळ होता.

मी मामींना सांगितलं, तो शुक्र आहे.

"काल म्हणालंस, काय नाय. आज म्हणतंस, शुक्र. उद्या काय म्हणशीत?" त्यांनी विचारलं आणि त्या आत गेल्या.

रविवारी आभाळ भरून आलं. बाबांचं मौन. दुपारी एक सर पडून गेली आणि संध्याकाळी सगळं निवळलं. गंगाराममामा खळ्यात जाळ्याला गाठी मारत बसले होते. घरात इतका गोंधळ चाललेला, पण हा माणूस इतक्या दिवसांत बांबूकडे एकदाही फिरकला नव्हता. मी कारण विचारलं.

"माका ध्रुव खंय आसा तो ठावक आसा," मामा म्हणाले. "हलना नाय म्हणान तर तेका धरून जातंव. हलाक लागलो तर आमी बुडालंव."

"मगे मामींक सांगलात नाय कित्याक?"

"झील तिचो आसा ना रे दर्यार. भियालेल्या माणसाक काय सांगतलंस?"

मी जवळ सरकलो. "मामा, ह्या दिसांत पहाटे होडी घराक आणताना कोणाक धरतात?"

"शुक्राक. माडांच्या वर येता. तेका होडीच्या नाळीर, म्होरल्या टोकार, धरलो की होडी सरळ दारात."

"मगे तो जाता खंय?"

"खंय म्हणजे? उजाडता, तो जाता."

"मावळता?"

मामांचा हात थांबला. "मावळात कसो?" ते सावकाश म्हणाले. "तो तर वर चढत असता."

"मगे?"

"तां कोण बघूक गेलो रे? होडी लागली की रापणीचो दोर हातात. तोंड दर्याक, पाठ माडांक."

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसं ओढतात. समुद्राकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे जात. समुद्र पश्चिमेला, शुक्र पूर्वेला. पन्नास वर्षं हा माणूस शुक्राला धरून घरी येत होता, आणि घरी आला की सगळ्या गावासकट त्याच्याकडे पाठ करून उभा राहत होता. शुक्र कुठे जातो हे तोंडवलीत कुणालाही ठाऊक नव्हतं, कारण त्या वेळी मासे येत असत.

"मामा, उद्या दोर सोडा," मी म्हटलं. "एक दिवस. पहाटेपासून शुक्राक धरा आणि दहा वाजेपर्यंत सोडू नका."

तांडेलाने, रापणीच्या म्होरक्याने, दोर सोडायचा, हे मी फार मोठं मागत होतो. मामांनी हातातली गाठ पुरी केली, दाताने सूत तोडलं.

"आमची सून, तां चेडू खोटां बोलणा नाय," ते म्हणाले. "येतंय."

सोमवारी झुंजुमुंजू व्हायच्या आधी आम्ही किनाऱ्यावर होतो. शुक्र माडांच्या शेंड्यांवर चढला होता. असला तेजस्वी की ओल्या वाळूवर त्याची तिरीप पडावी. मामा ओढून ठेवलेल्या होडीच्या पलीकडे उभे राहिले आणि त्यांनी तो डोलकाठीच्या टोकावर धरला. तारा चढेल तसे ते एकेक पाऊल काठीकडे सरकत होते. त्यांच्या शेजारी उभा राहून मीही तेच करत होतो.

रापणीची माणसं आली. तांडेल काठीकडे बघतोय म्हणून तीही बघू लागली.

तेवढ्यात ताय चहाची किटली घेऊन आली. तिच्या अंगावर घडीचं लुगडं होतं. ते प्रवासाचं होतं हे मी ओळखलं.

"ताय, तो बघ," मी बोट दाखवलं. "बांबूतलो तुमचो ध्रुव."

तिने डोळे बारीक केले. "खंय? तो उजेडाचो कापूस आसा, तो?"

"कापूस?"

"चांदण्यो तश्योच नाय दिसत? पीठ सांडल्यासारख्यो?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खळ्यात पाच हातांवर येईपर्यंत "कोण ता?" सुई ओवताना नाकाला लागलेलं सूत. आणि वर्गातलं माझं ढेकूळ. आम्ही एका आईची मुलं. मी चष्मा काढला आणि तिच्या डोळ्यांवर ठेवला.

ती वर बघत राहिली. मग तिने मान फिरवली आणि माडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत वर.

"हऱ्या," ती म्हणाली, "हे इतके बारीक असतत? टोकदार? आणि माडाची पातीन् पात... तुमका सगळ्यांक असां दिसता? रोज?"

"होय."

"माका कोणी सांगलां नाय कधी."

मला रडू आलं. चष्मा नसल्यामुळे ते लपवायची सोयही नव्हती. बावीस वर्षं ही मुलगी धुक्यात वावरली होती आणि तिला वाटत होतं की जग असंच असतं, वाईट फक्त तिचं मन आहे.

चष्मा एकच होता, त्यामुळे पुढे आकाशात काय घडलं याचा मी साक्षीदार नाही. गावातल्या एकुलत्या एका खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या सकाळी डोलकाठीसुद्धा नीट दिसत नव्हती. मी कानांनी ऐकलं ते सांगतो. सूर्य वर आला, आणि मामा ओरडले, "आसा! दिवस इलो तरी आसा!" सात वाजता "आसा." आठ वाजता "बारीक झालो, पण आसा." एक डोळे पुसायला लागला की दुसरा धरायचा. मामा आणि ताय, सासरा आणि सून, पाळीपाळीने. रापणीची माणसं काठीखाली येऊन बघत आणि एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत. त्या दिवशी रापण उशिरा निघाली. मासे काय म्हणाले ते कळलं नाही.

पावणेदहाला आम्ही मांडवापाशी पोचलो. मांडवाच्या सावलीत, सूर्य झापांआड राहील अशी जागा बघून ताय उभी राहिली. वर पाहिलं, थोडं शोधलं आणि मान हलवली. मग बाबांनी फडकं काढलं.

"ये मुली. शेवटची संधी. मनातलं काळं बाहेर टाक आणि बस."

"माका बांबू नको," ताय म्हणाली. तिने बोट वर रोखलं. "तो थंय आसा. ह्या कोपऱ्याच्या काठीच्या टोकाक नजर लावा आणि वीतभर वर जावा. पहाटेपासून आमच्या वांगडाच आसा. शुक्र तो. मामांनी आणि मी एक क्षण सोडूक नाय."

मग रांगेतली शेवटची बाई बाहेर आली, तायच्या खांद्याला टेकून उभी राहिली आणि ओरडली, "दिसलो! बांबूशिवाय दिसलो!" पाच मिनिटांत रांग मोडली. माणसं सावलीत येऊन मान वर करून उभी. नारळ काखेतच राहिले.

"माझ्या कृपेचा ओघ बांबूबाहेर सांडला, बाळांनो!" बाबा गर्जले.

"पहाटे चारपासून सांडता?" मामांनी विचारलं. "तेव्हा तुमी घोरत होतात. माझ्या कानांनी ऐकलंय."

मी पुढे झालो आणि बांबू चार बोटं कलता केला. "आता बघा बाबा. भक्ती तुमचीच आहे."

बाबांनी पाहिलं नाही. दुसऱ्या दोघा-तिघांनी पाहिलं. नुसतं निळं. बांबू कलला आणि देव गेला. सगळी किमया एवढीच होती. शुक्र रोज ठरावीक वेळी ठरावीक जागेवरून जातो. तिथे नळी रोखायची, आजूबाजूचा झगझगाट झाकायचा, आणि तो नळीसमोरून सरकेपर्यंत अर्धा तास नारळ घ्यायचे. ज्यांचे डोळे चांगले त्यांना दिसतो. ज्यांचे अधू, ते एकतर पापी ठरतात, नाहीतर खोटं बोलतात.

मामा बांबू परत सरळ करायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांनी छपराला बांबू बांधलेल्या दोरावरून बोट फिरवलं.

"बाबा, ही गाठ कोणी मारली?"

"माझ्या शिष्याने."

"तुमचो शिष्य खंयच्या बोटीर होतो?"

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. मग त्यांचा आवाज एकदम उतरला आणि भाषाही. "ओ तांडेलानु, जरा हळू बोला मरे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या तोंडून आमची बोली निघाली. बाबा देवगडकडचे. अकरा वर्षं आगबोटीवर सुकाणी होते. बोटीचा साहेब भर दिवसा शुक्र शोधून त्याचा कोन मोजायचा आणि भर दर्यात बोट कुठे आहे ते काढायचा. शुक्र कुठे शोधायचा ते हे शेजारी उभे राहून शिकले. "नोकरी सुटली. एका गावात गंमत म्हणान शुक्र दाखवलंय तर लोक पायाच पडाक लागले."

"मगे ध्रुव कित्याक म्हणालात?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"शुक्र सगळ्यांक ठावक," ते म्हणाले. "ठावक असलेल्याक नारळ कोण देता?"

बोटीच्या साहेबाने त्यांना माझ्या वर्षभराच्या शिक्षणाइतकं ज्ञान फुकट दिलं होतं आणि त्यांनी त्याचं हे केलं. कुणी हात उगारला नाही. मामांनी त्यांना बांबू सोडून हातात दिला आणि खाडी ओलांडायच्या तरीपर्यंत पोचवलं. जाताना ते तायकडे बघत नव्हते.

मामी मात्र मांडवातून उठल्या नव्हत्या. ताय त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. नाकावरून घसरणारा माझा चष्मा तिने एका हाताने धरला होता.

"मामी, चला. वर बघा, दाखवतंय तुमका."

"माका दिसाचो नाय," मामी म्हणाल्या.

"दिसतलो. सोपां आसा."

"अगो, माका पयल्या दिसाक पण दिसाक नाय." मामींनी पदर तोंडाला लावला. "नुसतां धुकां. बाबलीचां नाव घेवन बघलंय, तरी धुकां. भियालंय आणि दिसलो म्हणान खोटां सांगलंय. मगे तू खरां सांगलंस, तां माका सोसाक नाय."

मांडवात आम्ही तिघंच उरलो होतो. ज्या खोट्यापायी ताय घराबाहेर जाणार होती, ते खोटं घरातच होतं, आणि ते भीतीने बोललेलं होतं. मला मामींचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. तायने चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर लावून पाहिला. काही उपयोग झाला नाही. मोतीबिंदू होता, तो पुढे काढला. त्या दुपारी लुगडी ट्रंकेतून परत दांडीवर आली आणि ट्रंक माळ्यावर गेली.

माझा चष्मा तायकडेच राहिला. नवा करून मिळेपर्यंत मी महिनाभर हैदराबादेत पुन्हा ढेकूळ बघत होतो, आणि सरांना कारण सांगितल्यावर ते रागावले नाहीत. बाबलीचं पत्र मे संपता संपता आलं. ते बाबा तोंडवलीत यायच्या आधीच टपालात पडलं होतं.

आता एवढंच मागणं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, बाबाच्याही नको. शुक्र पहाटेचा असेल अशा एखाद्या दिवशी लवकर उठा, सूर्य भिंतीआड राहील अशा जागी उभे राहा, एका काठीवर त्याला धरा आणि उजाडलं तरी सोडू नका. सूर्याकडे मात्र बघू नका. दिसला तर कुणाला नारळ देऊ नका. नाही दिसला तर नाही दिसला म्हणा. आणि तुमच्या घरात कुणी "मला दिसत नाही" असं म्हणालं, तर तिची ट्रंक खाली काढण्याआधी तिचे डोळे तपासून घ्या.